फोटो मे महिन्यातला, सुट्टी सप्टेंबरातली

प्रवासाचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळच्या टपालात दक्षिण युरोपातल्या खेड्यापाड्यांबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. रोम, फ्लॉरेन्स, लिस्बन पाहून झालेली किंवा शहरांच्या गर्दीला कंटाळलेली मंडळी विचारताहेत, की चार-पाच दिवस मोकळे असतील तर नेमकं कुठल्या टेकडीवर जाऊन बसावं. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांचा आहे.

प्रश्न : ताई, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि आमच्या मित्राचं जोडपं असे चौघं रोमला उतरतोय. दोन दिवस रोम, पुढे पाच रात्री मोकळ्या आणि परतीचं विमानही रोमहूनच. मला टस्कनीच हवी. फोटोत दिसतात ना, त्या हिरव्यागार टेकड्या आणि सरूच्या झाडांची वळणावळणाची रांग! मैत्रीण म्हणते शेजारचा उम्ब्रिया, तिथे शांत आणि स्वस्त असतं. तिच्या यजमानांनी पुलियाचं काहीतरी वाचलंय. आमचे हे गाडी उत्तम चालवतात, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. तिन्ही प्रदेश थोडे थोडे करता येतील का?

उत्तर : नाही. ‘थोडं थोडं’ हे आधी डोक्यातून काढून टाका. पाच रात्रींत तीन प्रदेश म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची, रोज दुपारी नवं घर शोधायचं आणि संध्याकाळी दमून झोपायचं. खेड्यात ज्यासाठी जायचं, ती सकाळची आणि संध्याकाळची वेळच त्यात हातची जाते.

पुलिया, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. त्याचा निकाल सोपा आहे. रोमहून बारीपर्यंत वेगवान रेल्वेने जायलाच चार तास लागतात. मग तिथून पुढे इत्रियाच्या खोऱ्यात जायचं आणि परतताना तेवढंच अंतर उलट कापायचं. पाचातले जवळजवळ दोन दिवस त्यातच गेले. पुलिया करायचं तर थेट बारी किंवा ब्रिंडिसीला उतरून स्वतंत्र करा. मित्रांना सांगा, तो बेत पुढच्या खेपेला.

आता टस्कनी. तुम्ही म्हणता ते फोटो बहुतेक वाल दोर्चाचे, म्हणजे सिएनाच्या दक्षिणेला असलेल्या ओर्चा नदीच्या खोऱ्यातले. २००४ पासून तो सगळा भूभागच जागतिक वारसा यादीत आहे, इमारती नव्हे, शेतंच. पण त्या फोटोतली हिरवळ गव्हाची आहे, गवताची नाही. ती दिसते एप्रिल-मे महिन्यात. जूनअखेर तेच शेत सोनेरी होतं, जुलैत कापणी होते आणि सप्टेंबरच्या शेवटी तिथे नांगरलेली ढेकळं असतात. तपकिरी, राखाडी, उघडी जमीन. मला स्वतःला ते रूप जास्त आवडतं. उतरत्या उन्हात नांगराच्या प्रत्येक चरीची सावली वेगळी दिसते आणि टेकडीचा आकार स्पष्ट कळतो. पण हिरवंच बघायचं ठरवून आलेल्या माणसाचा तिथे हिरमोड होतो, हेही मी पाहिलंय. सरू मात्र बारा महिने हिरवे असतात, आणि तुम्ही जाल तेव्हा मोन्ताल्चिनोच्या बाजूला द्राक्षांची काढणी चालू असण्याची दाट शक्यता आहे. क्रेट्स भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर पुढ्यात आले की घाई करू नका, त्यांच्या मागून निवांत जा.

खरा प्रश्न टस्कनी की उम्ब्रिया हा नाहीच. गाडी चालवायची की नाही, हा आहे. वाल दोर्चात पिएन्झाला, सान क्विरिकोला किंवा मोन्ताल्चिनोला रेल्वे स्टेशन नाही. बस आहेत, पण त्या शाळेच्या आणि कामाच्या वेळांना बांधलेल्या, रविवारी तर नावालाच. गाडीशिवाय तिथे जाणं म्हणजे एका गावात अडकून पडणं. उम्ब्रियात उलट आहे. स्पोलेतो, त्रेवी, स्पेलो, असिसी ही सगळी डोंगरावरची गावं, पण त्यांच्या पायथ्याने रेल्वे जाते. रोमहून दोन-अडीच तासांत असिसी. स्पेलोचं स्टेशन तर गावाच्या वेशीपासून चालत दहा मिनिटांवर.

तेव्हा तुमच्या यजमानांशी नीट बोला. त्यांची तयारी असेल तर माझा सल्ला असा. रोममधून गाडी चालवत बाहेर पडू नका, पहिल्या तासालाच भांडणं होतील. ट्रेनने सव्वा तासात ओर्विएतोला या आणि तिथून गाडी घ्या. आधी आरक्षण करून ठेवा आणि ऑफिसची वेळ विचारून घ्या, लहान गावांतली ऑफिसं दुपारी बंद असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. तिथे गिअरची गाडी हाच रिवाज आहे, ऑटोमॅटिक कमी आणि महाग मिळते. उजव्या बाजूने चालवायची पहिलीच वेळ आणि वर उजव्या हाताने गिअर, हा दुहेरी ताप कशाला? त्यासाठी चार पैसे जास्त गेलेले परवडतात. आणि चार माणसं, चार मोठ्या बॅगा हे गणित छोट्या गाडीत बसत नाही. मोठी गाडी घेतली तर ती गावातल्या गल्ल्यांत बसत नाही. म्हणून माणशी एक लहान बॅग घ्या, दुसरा उपाय नाही. तुमचा नेहमीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. नुसत्या एकावर भागत नाही.

इटलीत गाडी चालवणाऱ्याला रस्त्यापेक्षा पाटीची भीती असावी. जुन्या गावांच्या वेशीवर लाल कड्याची पांढरी गोल पाटी असते, खाली ‘झोना त्राफिको लिमितातो’ असं लिहिलेलं. पलीकडे फक्त परवानगी असलेल्या गाड्या जातात, आणि पाहायला पोलिस नसतो, कॅमेरा असतो. तुम्हाला तिथे काहीच कळत नाही. काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीचं पत्र येतं, तुमचा पत्ता पोलिसांना कळवण्याचा आकार वेगळा आणि दंड वेगळा. मुक्कामाचं हॉटेल वेशीच्या आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, ते नोंद करून देतात. पार्किंगला पांढरी रेघ म्हणजे फुकट, निळी म्हणजे पैसे भरा, पिवळी म्हणजे तुमच्यासाठी नाही. पेट्रोलला तिथे ‘बेंझिना’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझोलिओ’. नळी हातात घेण्याआधी हे चौघांनीही पाठ करा.

मुक्काम सान क्विरिको दोर्चा किंवा पिएन्झाच्या आसपासच्या एखाद्या ‘अग्रितुरिझ्मो’त करा. हे शेतावरचं राहणं. इटलीच्या कायद्याप्रमाणे तिथे शेती हा मुख्य धंदा असावा लागतो आणि पाहुणे हा जोडधंदा. त्यामुळे मालक सकाळी तुमच्या नाश्त्याच्या आधी ट्रॅक्टरवर गेलेला असतो. शेवटचा एखादा किलोमीटर बहुधा ‘स्त्रादा ब्यांका’, म्हणजे पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता. गाडी हळू घ्या. समोरून गाडी आली की मागे उठलेला धुरळा मिनिटभर खाली बसत नाही आणि काळी गाडी दोन दिवसांत पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसते. आरक्षण करतानाच तिथे रात्रीचं जेवण मिळतं का ते विचारा. मिळत असेल तर निदान दोन रात्री तिथेच जेवा. काळोखात अनोळखी वळणांवरून परतण्यापेक्षा ते बरं.

अंतरं लहान आहेत. सान क्विरिको ते पिएन्झा दहा किलोमीटर, पिएन्झा ते मोन्तेपुल्चानो पंधराच्या आत. पिएन्झा मुद्दाम सकाळी लवकर गाठा, ताफ्याने येणाऱ्या बस पोचायच्या आधी. कोर्सिन्यानो नावाच्या साध्या गावात जन्मलेला एक मुलगा पुढे पोप झाला, दुसरा पायस. त्याने १४५९ पासून बेर्नार्दो रोस्सेलिनो या वास्तुविशारदाकडून आपल्या जन्मगावाचा कायापालट करून घेतला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. चौकात उभं राहिलात की एका नजरेत कॅथीड्रल, राजवाडा, विहीर. एवढंसं गाव आणि एवढा मोठा थाट! मग कॅथीड्रलच्या मागच्या तटावर जा. समोर सगळं खोरं आणि पलीकडे आमियाता पर्वत. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज इथलंच, दुकानाबाहेरसुद्धा त्याचा वास येतो. संध्याकाळी बान्यो विन्योनीला जा. तिथे गावच्या मधोमध चौकच नाही, गरम पाण्याचा दगडी हौद आहे. हौदात उतरायला बंदी आहे, पण तेच पाणी खाली जुन्या गिरण्यांच्या बाजूला वाहत जातं, तिथे पाय सोडून बसता येतं.

मनोऱ्यांचं सान जिमिन्यानो गाव आणि क्यांतीचा टापू या खेपेला सोडा. दोन्ही उत्तरेला आहेत आणि तुमचं जाणं-येणं दक्षिणेकडून. मनोरे बघायला दुपारी बारा वाजता पोचलात तर मनोऱ्यांपेक्षा माणसंच दिसतील.

चार रात्री तिथे आणि पाचवी ओर्विएतोत. गाडी परत करा, केबलच्या रेल्वेने वर गावात जा आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनने रोम. ओर्विएतो उम्ब्रियात येतं, त्यामुळे मैत्रिणीचंही म्हणणं राहिलं. सोळाव्या शतकात पोपसाठी खणलेली तिथली सान पात्रिझिओची विहीर चुकवू नका. खाली पाणी आणायला जाणारी खेचरं आणि वर येणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत, म्हणून तिला एकमेकींना न भेटणारे दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे.

आणि यजमान गाडीला नको म्हणाले, तर हळहळू नका. पाचही रात्री स्पेलोत राहा. खाली ट्रेन, वर गुलाबी दगडाचं गाव, सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पिन्तुरिक्योने १५०० च्या सुमारास रंगवलेल्या भिंती, आणि गावाबाहेर जुन्या रोमन जलवाहिनीच्या कडेने ऑलिव्हच्या बागांतून कोल्लेपिनोपर्यंत जाणारी पायवाट. असिसी तिथून ट्रेनने दहा मिनिटांवर, पण स्टेशन खाली सपाटीवर आहे, वर जायला बस घ्यावी लागते. ऑक्टोबरच्या ३ आणि ४ तारखेला तिथे संत फ्रान्सिसचा उत्सव असतो. तुमचा आठवडा तिकडे सरकत असेल तर असिसी आधी उरका.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते, गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. पोर्तुगालमध्ये चार दिवस ग्रामीण भागात घालवायचे आहेत. आलेन्तेजु की डोरू खोरं? जूनमध्ये सुट्टी मिळतेय.

उत्तर : डोरू. एका वाक्यात संपवलं असतं, पण आलेन्तेजुवर, म्हणजे दक्षिणेकडच्या प्रदेशावर, अन्याय नको.

डोरूला तुमच्यासाठी रेल्वे आहे. पोर्तोहून निघून नदीच्या काठाकाठाने ती पोसिन्योपर्यंत जाते, तिथे रूळच संपतात. जाताना डब्यात उजव्या बाजूची खिडकी धरा. सुरुवातीचा तासभर काही विशेष नाही, मग अचानक नदी उजवीकडे येते आणि काही ठिकाणी इतकी जवळ की खिडकीतून खाली फक्त पाणी दिसतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. पोर्ट वाइनसाठी या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये मार्क्विस ऑफ पोंबालने आखून दिली. द्राक्षांचा प्रदेश सरकारने असा आखून देण्याच्या जगातल्या सगळ्यांत जुन्या उदाहरणांपैकी ते एक आहे. पिन्यांवला उतरा. पोर्तोहून साधारण अडीच तास. स्टेशनच्या भिंतीवरच निळ्या टाइल्समध्ये द्राक्षकाढणीची चित्रं आहेत. काढणारे, टोपल्या, होड्या, सगळं. पुढच्या गाडीला वेळ असेल तर ती एकेक नीट बघा, बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांची वीणसुद्धा रंगवलेली आहे.

तीन रात्री पिन्यांवमध्ये किंवा त्याच मार्गावरच्या रेग्वात आणि एक दिवस रेल्वेने शेवटपर्यंत जाऊन परत. सकाळीच कझाल द लोइवुशच्या उंचवट्यावर चढून जा. चढ खडा आहे आणि जूनमध्ये दहानंतर तिथे ऊन भाजून काढतं. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिकडचे लोकच आपल्या हवेबद्दल म्हणतात. परतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा, दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत.

आलेन्तेजुत एव्होराला लिस्बनहून ट्रेनने दीड तासात जाता येतं आणि शहर सुंदर आहे. रोमन देवळाचे खांब, पांढऱ्या भिंती, आणि मानवी हाडांनी मढवलेलं ते चॅपल. दारावर लिहिलंय : ‘आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतोय.’ पण तुम्हाला हवाय तो ग्रामीण आलेन्तेजु एव्होराच्या बाहेर सुरू होतो. बुचाच्या ओकची विरळ राई, मोन्साराझचा किल्ला, अल्केव्हाच्या जलाशयावरचं काळंभोर आकाश. तिथे बसने पोचणं म्हणजे अर्धा दिवस वाट बघणं. एव्होराहून गाडीवाल्यासह एखादी दिवसाची सहल मिळाली तर बुचाची झाडं जवळून बघून घ्या. खोडाची साल उतरवली की आत लालसर विटकरी अंग दिसतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहितात. तो आकडा म्हणजे साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ‘३’ असेल तर २०२३. पुन्हा कुऱ्हाड लावायची ती किमान नऊ वर्षांनी, म्हणजे २०३२ च्या आधी नाही. झाडाची पहिली सोलणीच मुळी पंचविशीत होते. लावणारा एक आणि सोलणारा त्याचा मुलगा, असा तो हिशोब. जून ते ऑगस्ट सोलणीचे दिवस, त्यामुळे नशीब असेल तर कामही बघायला मिळेल. पण राहायला नको. पारा चाळिशी गाठतो आणि दुपारी गावात कुत्रंही फिरकत नाही.

प्रश्न : आईला घेऊन जायचंय. वय ७२, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. सगळे म्हणतात दक्षिण युरोपातली सुंदर गावं डोंगरावरच असतात. मग आम्ही जायचंच नाही का?

उत्तर : जायचं. पण असिसीला नाही, आणि स्पेनमधल्या ग्रानादाजवळच्या आल्पुहार्रालाही नाही. तिथली कापिलेइरा, बुबिओन ही गावं मला फार आवडतात. सपाट मातीच्या छपरांची घरं, मुस्लिम काळातल्या पाटांतून अजून वाहणारं पाणी. पण एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला उतरण नाहीतर चढ, तिसरा पर्यायच नाही.

डोंगरावर असणं आणि गावात चढ असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओर्विएतो उंच कड्यावर आहे, पण वर न्यायला केबलची रेल्वे आहे आणि माथा बराचसा सपाट. पिएन्झाची मुख्य गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ समतल आहे. पेरूजात सरकते जिने जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर नेतात. जमिनीखाली गाडली गेलेली मध्ययुगीन गल्ली त्या वाटेवर फुकटात बघून होते. स्पोलेतोतही तशीच सोय आहे.

आईसाठी माझी निवड मात्र पुलियातलं इत्रियाचं खोरं. नाव खोरं असलं तरी ते सौम्य पठार आहे. लाल माती, रचीव दगडांचे बांध, मधूनमधून शंकूच्या छपराच्या ‘त्रुल्ली’. आल्बेरोबेल्लोत त्यांची अख्खी वस्ती आहे, १९९६ पासून जागतिक वारशात. तिथे उतार आहे आणि दिवसभर गर्दी, तेव्हा सकाळी तासभर बघून निघा. राहायला लोकोरोतोन्दो घ्या. गोलाकार छोटं गाव, पांढऱ्या भिंती, दारोदार कुंड्या, आणि बसायला कट्टे भरपूर. किंवा शेतातली जुनी वाडी, तिला तिकडे ‘मास्सेरिया’ म्हणतात. तळमजल्याची खोली मागा, आणि न्हाणीत टब आहे की शॉवर ते विचारा. टबाची कड ओलांडणं हा गुडघेदुखीवाल्यांचा खरा डोंगर. बारीहून गाडीने तासाभरात पोचाल. ओस्तूनी लांबूनच बघा. पांढरं शहर टेकडीवर चढलेलं दिसतं ते खालच्या ऑलिव्हच्या रस्त्यावरूनच छान दिसतं, आणि वर पायऱ्याच पायऱ्या आहेत. त्या सपाटीवरच्या ऑलिव्हच्या झाडांचे बुंधे आईला दाखवा, काही तर चार माणसांच्या कवेत न मावणारे आहेत. आणखी दक्षिणेला सालेन्तोत जाऊ नका असं नाही, पण तिकडे २०१३ मध्ये सापडलेल्या झायलेला या जिवाणूने मैलोन्‌मैल बागा वाळवून टाकल्यात. बघताना वाईट वाटतं.

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे ऑगस्टचा दुसरा आठवडाच शक्य आहे. प्रोव्हान्समध्ये लॅव्हेंडर बघायचं आहे. कुठे राहावं?

उत्तर : लॅव्हेंडरसाठी त्या आठवड्यात प्रोव्हान्सला जाऊ नका. वालेन्सोलचं पठार जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जांभळं असतं, मग यंत्रं फिरतात. सेनांकच्या मठापुढचं ते प्रसिद्ध शेतही साधारण तेव्हाच संपतं. सो हे गाव उंचावर असल्याने तिथला बहर उशिरा येतो, पण ऑगस्टच्या मध्याला तिथेही बहुतेक कापणी झालेली असते. १५ ऑगस्टला त्या गावी लॅव्हेंडरचा उत्सव भरतो आणि विळ्याने कापणीची स्पर्धा होते. फुलं नाही, पण वास आणि मजा दोन्ही मिळतील.

तरी प्रोव्हान्सलाच जायचं असेल तर मुलांचा विचार करून लुबेरोंमध्ये राहा. रुसियोंची गेरूची वाट त्यांना जांभळ्या शेतांपेक्षा नक्की आवडेल. पिवळे, केशरी, लाल कडे, आणि बूट-मोजे संध्याकाळपर्यंत त्याच रंगाचे. पांढरे कपडे घालू नका, डाग जात नाही. एक दिवस सेंत-क्रुआच्या जलाशयावर पायडलची होडी घेऊन वेर्दोंच्या घळीत शिरा. सकाळी नऊपर्यंत पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही. आणि जंगलातल्या वाटांवर जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी आगीच्या धोक्याचा सरकारी नकाशा बघा. वारा सुटला की डोंगरच्या डोंगर दिवसभरासाठी बंद करतात.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. या सगळ्या भागांत निभेल का?

उत्तर : इटलीत निभेल, पुलियात तर चंगळ. सुक्या बाकल्याचं घट्ट वरण आणि शेजारी कडसर चिकरीची भाजी, वर ऑलिव्हचं तेल, याला ‘फावे ए चिकोरिया’ म्हणतात. हा तिथला रोजचा, गरिबांचा पदार्थ, आता चांगल्या खाणावळीतही मिळतो. कानाच्या पाळीसारखा ओरेक्येत्ते पास्ता मागताना मात्र ‘अच्चूगा’, म्हणजे अँचोव्ही मासा, नको असं सांगा, भाजीच्या रश्शात तो गुपचूप विरघळलेला असतो. दक्षिणेतला सुका पास्ता गहू आणि पाण्याचा, उत्तरेकडचा ताजा पास्ता अंड्याचा. उम्ब्रियात तव्यावर भाजलेली जाड पोळी मिळते, ‘तोर्ता अल तेस्तो’. तिच्यात ‘स्त्रुत्तो’ आहे का विचारा, म्हणजे डुकराची चरबी. चीजबाबत काटेकोर असाल तर परमेसान वर्ज्य. ते वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात.

पोर्तुगाल-स्पेनच्या खेड्यांत जड जाईल. पोर्तुगालच्या ‘काल्दु व्हेर्द’ सुपात पालेभाजी दिसते आणि सॉसेजची चकती तळाशी असते. स्पेनमध्ये ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅम येतं, कारण तिथल्या लोकांच्या लेखी हॅम मांसात मोडत नाही. तिथे स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्या. एक मात्र सगळीकडे सारखं. दुपारी तीननंतर खाणावळींची शटर खाली येतात ती इटलीत साडेसातपर्यंत आणि स्पेनमध्ये आणखी उशिरापर्यंत वर जात नाहीत. फळं, ब्रेड, शेंगदाणे गाडीत ठेवा.

प्रश्न : चार दिवस फ्रान्स, सहा दिवस इटली आणि विमान पॅरिसला उतरतंय. व्हिसा कोणाकडे मागायचा?

उत्तर : इटलीकडे. जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दोन्हीकडे सारखेच दिवस असते तर पहिला प्रवेश जिथे, त्याच्याकडे. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांत, चालणारा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण त्या शेवटच्या मुदतीवर विसंबू नका, उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत. अग्रितुरिझ्मोचं आरक्षण करताना रद्द केल्यास पैसे परत मिळणारं करा, आणि पुष्टीच्या कागदावर सगळ्या प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून मागा. शेतकरी मालक पुष्कळदा एकाच माणसाचं नाव टाकून मोकळे होतात.